प्रश्न सातवा

केंद्रात अकरा शाळा. मी केंद्रप्रमुख.
म्हणजे फटफटी माझी, पेट्रोल माझं
आणि रकाने शासनाचे.

तापीकाठच्या शाळेला पेव्हर ब्लॉकचं अंगण आहे.
भिंतीवर मोठा पडदा. त्यावर सूर्यमाला फिरते
आणि नेहेते मॅडम बोट लावून
गुरू थांबवतात.
चौथीचा निकाल चौऱ्याऐंशी टक्के.
चहात वेलदोडा असतो.
व्हिजिट बुकात मी ‘उत्तम’ लिहितो,
सही जरा लांबवतो.

तिथून सागपाणी सत्तावीस किलोमीटर.
डांबर संपतं तिथे एक फलक आहे,
त्यावर ‘शिक्षण’ एवढंच वाचता येतं,
पुढचं उन्हाने खाल्लं.
मग नाला, गोटे, चढ,
आणि फटफटी पहिल्या गिअरमध्ये खोकत खोकत.

दोन खोल्या. एकीत तांदूळ, मूगडाळ,
मतदार याद्यांचे गठ्ठे, मोडका वजनकाटा.
दुसरीत चार वर्ग आणि जुम्मा तडवी गुरुजी.
पहिलीचं तोंड खिडकीकडे, चौथीचं दाराकडे.
हजेरीपटावर एक्केचाळीस, दिवाळीनंतर सतरा.
उरलेली कुठे, असं विचारलं
की गुरुजी हात करतात खाली,
दूरवर, केळीच्या हिरव्या पट्ट्याकडे.
निकाल एकतीस.

बाकीच्या नऊ धरून केंद्राची सरासरी एकसष्ट.
साहेब म्हणाले, ठीक आहे, तालुक्याच्या वर आहोत.
एकसष्ट टक्क्यांचं गाव
मी अजून पाहिलेलं नाही.
रस्त्यात कुठेतरी लागत असेल.

या खेपेला उत्तरपत्रिकांची फेरतपासणी.
रायली वेलसिंग पावरा, इयत्ता चौथी.
भाषेचा पेपर कोरा. फक्त ‘माझी सहल’खाली
एक रेघ, सावकाश ओढलेली,
पानाच्या कडेपर्यंत गेलेली.

गणित. प्रश्न सातवा.
एका घडात नऊ फण्या, एका फणीत चौदा केळी,
तर घडात एकूण केळी किती?
तिने लिहिलं, एकशे बारा.
उत्तरसूचीत एकशे सव्वीस.
लाल फुली. शून्य.

पण तो अंदाज नव्हता.
समासात बारीक मांडणी होती:
चौदा आठे एकशे बारा.
हातचा सुद्धा जागच्या जागी.

बोलावलं तिला. चौकटीला पाठ लावून उभी.
मी मराठीत विचारलं, गुरुजींनी ते पावरीत नेलं,
परत येताना उत्तर
वाटेत थोडं सांडलंही असेल.
“ती म्हनस सायेब, खालनी फणी कापी टाकतस.
वरल्या पोसावा म्हनीसन.
मंग ऱ्हायन्यात आठच.”

गेल्या हंगामात ती आईबरोबर होती.
छाटलेल्या फण्या उचलून
बांधापलीकडे फेकायच्या, एवढंच तिचं काम.
कोणाचं वावर?
गुरुजींनी नाव सांगितलं.
तेच नाव मी सकाळी वाचलं होतं,
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात,
‘सौजन्य’च्या पुढे.

पेन काढलं मी.
फॉर्मात दोनच गोल होते, बरोबर आणि चूक.
पोर्टल सहाला बंद होणार
आणि रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाखाली.
तिथे उभं राहून दहा शाळा भरल्या.
सागपाणी शेवटची.
एकतीसचे एकतीसच.
चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग हिरवी खूण आली.

गुरुजींनी व्हिजिट बुक पुढे केलं.
सही आहे माझी त्यात.
वरची जागा रिकामी.

किक मारणार तोवर ती जवळ आली,
आणि या वेळी गुरुजींना मध्ये न घेता
विचारलं, “बरोबर का चूक?”

हेल्मेट घातलं होतं मी.
उतारावर इंजीन बंद करून
गाडी तशीच सोडली.
पेट्रोल वाचतं,
आणि मागचं सगळं
ऐकू येत राहतं.